काकांच्या पेटीतले मालट्रक : रंगवू नका, विकण्याचीही घाई नको

प्रश्न : आमचे मूळ घर डिचोली तालुक्यात आहे. छपराच्या दुरुस्तीसाठी माळा रिकामा करताना दिवंगत काकांची फणसाच्या लाकडाची पेटी मिळाली. काका अविवाहित होते आणि त्यांची सारी नोकरी बोटीवर झाली. पेटीत शेतमालाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि त्यांना जोडायच्या ट्रॉल्या अशी धातूची चाळीसेक छोटी वाहने निघाली. त्यांतील तेरांना मूळ खोके आहेत. काहींच्या तळाशी ‘डिंकी टॉइज’ असे आहे, तर काहींवर ‘अर्टल’. काही खोक्यांवर दुकानाच्या चिठ्ठ्या आहेत. त्यांवर ‘पांजिम’ असे छापले आहे, पण किमतीच्या आकड्यांमध्ये डॉलरची खूण आहे, त्यामुळे आम्ही गोंधळलो आहोत. खोका स्वच्छ दिसावा म्हणून माझ्या चुलतभावाने अशा दोन चिठ्ठ्या खरवडून काढल्या. सगळ्यांना स्प्रेने नवा रंग दिला तर किंमत वाढेल, असे त्याचे म्हणणे आहे. म्हापशातील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने सरसकट पंधरा हजार रुपये देऊ केले आहेत. माझा चौदा वर्षांचा मुलगा मात्र काहीही विकू देत नाही. एका ट्रॉलीच्या अंगावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे त्या चिठ्ठ्या. म्हणून कृपया आजच चुलतभावाला थांबवावे. रंगाचा डबा आणला असेल तर तो दुकानदाराला परत करावा आणि उरलेल्या चिठ्ठ्यांना कोणी नखसुद्धा लावू नये.

ती खूण डॉलरची नाही. पोर्तुगीज लिखाणात एस्कुदो आणि सेंताव्ह यांच्या मध्ये, म्हणजे आपण जिथे दशांश टिंब देतो तिथे, हीच खूण घालीत असत. १८$०० याचा अर्थ अठरा एस्कुदो. गोव्यात पूर्वी पोर्तुगीज राजवटीचा स्वतःचा रुपया चालत असे. १९५८-५९ मध्ये त्याची जागा एस्कुदोने घेतली आणि एका रुपयाला सहा एस्कुदो असा दर ठरला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर लवकरच भारतीय रुपया आला. थोडक्यात, एस्कुदोचे चलन येथे जेमतेम तीन वर्षे टिकले. ज्या खोक्यावर पणजीच्या दुकानाची एस्कुदोत किंमत घातलेली चिठ्ठी आहे, तो खोका त्या तीन वर्षांतच विकला गेला असणार. भारतात तेव्हा परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते, तर पणजी-मडगावच्या दुकानांत परदेशी माल सहज मिळत असे. इंग्लंडात बनलेला खेळण्यातला मालट्रक, पोर्तुगीज अमलातल्या दुकानाची चिठ्ठी आणि तो विकत घेणारा डिचोलीचा तारवटी, एवढा पत्ता एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर एकत्र सापडणे दुर्मीळच आहे. तोच ट्रक इंग्लंडातल्या एखाद्या संग्राहकाकडे कदाचित अधिक चकचकीत असेल, पण ही चिठ्ठी त्याच्यापाशी नसणार.

आता वाहनांविषयी. आपण पाठवलेल्या छायाचित्रात लाल केबिन आणि निळ्या हौद्याचा, बाजूंना उभ्या-आडव्या पट्ट्यांचे कठडे असलेला जो ट्रक आहे, तो डिंकीचा ‘फार्म प्रोड्यूस वॅगन’ होय. अस्सल वाहन डॉज कंपनीचे होते. ही प्रतिकृती लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीच्या कारखान्यात बनत असे. १९५० मध्ये ती ‘३० एन’ या क्रमांकाने बाजारात आली. १९५४ मध्ये डिंकीने अक्षरे जोडलेले जुने क्रमांक बदलून तीन आकडी केले, तेव्हा ती ३४३ झाली. ट्रॅक्टर मॅसी-हॅरिसचा असेल तर तो १९४८ चा ‘२७ ए’, पुढे ३००, आणि त्याच्यामागे लावायची हेल्सओवेन ट्रॉली १९४९ ची ‘२७ बी’, पुढे ३२०. आपल्याकडच्या खोक्यांवर यांपैकी कोणते क्रमांक आहेत ते पाहावे. अक्षर असेल तर खोका १९५४ च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा, आणि नुसता आकडा असेल तर नंतरचा. वाहन आणि खोका एकमेकांचेच आहेत की काकांनी किंवा तुम्हा मुलांपैकी कोणी ते कधी अदलाबदल करून ठेवले, हेही त्यावरून कळेल.

‘अर्टल’ लिहिलेली वाहने दुसऱ्या खंडातली आहेत. फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डुब्यूक येथे, घराच्या तळघरात, युद्धातील शिलकी विमानांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यात खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. १९५९ मध्ये कारखाना जवळच्याच डायर्सव्हिल गावी गेला. आजही शेतीच्या वाहनांच्या प्रतिकृतींच्या जगात या छोट्या गावाचा दबदबा आहे, आणि राष्ट्रीय शेती-खेळणी संग्रहालय तिथेच आहे. काकांच्या बोटी धान्य भरायला अमेरिकेच्या बंदरांत लागत असतील तर ही वाहने तिकडचीच. मक्याने भरून खालून दार उघडायचे लांब ट्रेलर, गुरे वाहून न्यायचे जाळीचे ट्रेलर असे सगळे वाहनप्रकार आपल्या शेतीशी कोठेही जुळत नाहीत. खाजन शेतातले भात आणि कुळागरातल्या सुपाऱ्या टेंपोत घालून नेणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाने आयोवाचे मक्याचे ट्रक जमवावेत याची मला मोठी गंमत वाटते. बंदरात जे रोज डोळ्यांसमोर भरताना पाहिले, तेच त्यांनी हातात मावेल एवढे करून घरी आणले असावे.

अर्टलच्या वाहनांवर किंवा खोक्यांवर बहुधा १/१६ किंवा १/६४ असे प्रमाण दिलेले असते. ट्रेलर जोडलेला अमेरिकी मालट्रक साधारण एकवीस मीटर लांबीचा असतो. १/६४ प्रमाणात तो सुमारे तेहतीस सेंटिमीटर होतो आणि फडताळात सहज बसतो. १/१६ प्रमाणात तोच सव्वा मीटरहून लांब होईल. त्यामुळे त्या मोठ्या प्रमाणात ट्रॅक्टर पुष्कळ दिसतात आणि लांब ट्रेलर क्वचित. युरोपात जर्मनीची सिकू आणि इंग्लंडची ब्रिटन्स या कंपन्यांनी शेतीच्या वाहनांसाठी १/३२ हे प्रमाण रूढ केले. डिंकीच्या जुन्या मालवाहनांना असे काटेकोर प्रमाण नाही. मोठा ट्रक असला तरी तो मोटारीएवढाच दिसायचा, कारण खोक्याचा आकार आणि किंमत आधी ठरत असे. मुलाला पुढे स्वतःचा संग्रह करायचा असेल तर त्याने पहिल्या दिवशी एक प्रमाण निवडावे आणि ते सोडू नये, नाहीतर शेल्फवर बैलाएवढा ट्रॅक्टर आणि उंदराएवढा ट्रक शेजारी शेजारी बसतात. परदेशातून मागवताना सीमाशुल्काचाही हिशेब करावा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के. दोन हजारांचे वाहन दारात येईपर्यंत दोन हजारांचे राहत नाही.

चुलतभावाच्या रंगाच्या सूचनेकडे पुन्हा येतो, कारण तिच्यात वाईट हेतू नसून एक प्रामाणिक गैरसमज आहे. जुन्या मोटारसायकलीला रंग दिला तर किंमत वाढते, हे आपण सारे पाहतो. संग्रहातल्या प्रतिकृतींचे गणित याच्या उलट आहे. टवके उडालेला, पण कारखान्यातून जसा निघाला त्याच रंगातला ट्रक संग्राहकाला हवा असतो. नवा रंग दिलेला ट्रक त्याच्या लेखी दुरुस्त केलेला, म्हणजे कमी प्रतीचा. हे लपवताही येत नाही. नीट रंगवायचे तर तळपत्रा काढावा लागतो, त्यासाठी रिव्हेट ड्रिल करून तोडावे लागतात, आणि कारखान्यातल्या यंत्राने दाबलेल्या रिव्हेटची गुळगुळीत गोल टोपी पुन्हा तशी बसत नाही. तळपत्रा न काढता फवारले तर रंग आसांच्या टोकांवर आणि टायरच्या कडेवर सांडतो. जाणकार माणूस वाहन हातात आले की आधी ते उलटे करतो, ते याचसाठी.

खोके नकली आहेत का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, परंतु व्यापारी तो विचारील. नोटा तपासायचा निळा दिवा घरात किंवा ओळखीच्या दुकानात असेल तर अंधारात त्याचा प्रकाश पुठ्ठ्यावर टाकावा. हल्लीच्या कागदात चमक आणणारी रसायने असतात, त्यामुळे नवा छापलेला खोका निळसर पांढरा झळकतो. जुना पुठ्ठा मंद आणि मातकट दिसतो. ही अंतिम कसोटी नव्हे, पण पहिल्या चाळणीला पुरेशी आहे.

आता त्या भेगाळलेल्या ट्रॉलीबद्दल. ही वाहने बहुतेक जस्ताच्या एका मिश्रधातूची असतात. त्यात जस्ताबरोबर ॲल्युमिनियम आणि थोडे तांबे व मॅग्नेशियम असते. जर्मन भाषेतील या चार धातूंच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘झमाक’ म्हणतात. हे मिश्रण चारशे अंशांच्या आसपास वितळते, म्हणून पोलादी साच्यात दाबाने भरून एकाच साच्यातून असंख्य नग काढता येतात. मात्र जस्त अतिशय शुद्ध असावे लागते. त्यात शिशाचा किंवा कथलाचा अंश राहिला तर धातूच्या कणांच्या सांध्यांतून आतल्या आत गंज चढतो. वाहन फुगते, वाकडे होते, बारीक भेगा पडतात, आणि एके दिवशी बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक वाहनांना हे घडले आहे. याला उपाय नाही. गोंद, लाख, रंग यांपैकी काहीही ते थांबवीत नाही. उष्णता आणि दमट हवा यांनी त्याची गती वाढते, एवढे खरे, आणि गोव्यात दोन्हींची ददात नाही. काही संग्राहक हा रोग एका वाहनाकडून दुसऱ्याकडे जातो असे मानून घाबरतात, पण ते खरे नाही. दोष त्या-त्या ओतीतच असतो. ट्रॉली वेगळ्या डब्यात, कापडाच्या घडीवर, चाकांवर भार न देता ठेवावी आणि शक्य तितकी कमी हाताळावी.

स्वच्छतेबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या घरी चवथीच्या आधी समया, ताम्हने आणि घागरी चिंचेच्या कोळाने किंवा सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या, पाण्याने घासायची पद्धत होती. मी अकरा वर्षांचा असताना गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आपलीही एक गाडी मांडावी, या हौसेने एक हिरवी ट्रॉली त्याच पातेल्यात बुडवली आणि राखेने चोळली. समई लखलखली. ट्रॉलीचा रंग मात्र जागोजागी निघाला आणि खालचे जस्त काळपट, खडबडीत झाले, कारण आंबट रसाने पितळ उजळते, तर जस्त खाल्ले जाते. ती ट्रॉली अजून माझ्याकडे आहे आणि तिला कोणी दहा रुपयेही देणार नाही. आपण फक्त दाढीच्या मऊ ब्रशाने धूळ झटकावी. फारच मळ असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा फिरवावा आणि लगेच कोरडे करावे. चिकटवलेल्या अक्षरांवर आणि चिन्हांवर पाणी अजिबात नको. पितळेची पॉलिशे आणि गंज सोडवण्याची तेले दूर ठेवावीत. हाताळल्यावर हात धुवावेत आणि घरात तान्हे मूल असेल तर पेटी त्याच्या आवाक्याबाहेर असावी, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असे.

पाऊस सुरू होण्यापूर्वी ही वाहने त्या पेटीतून बाहेर काढावीत. काकांच्या पेटीविषयी मला आदर आहे, पण बंद लाकडातून आम्ल बाष्प सुटते आणि ते जस्ताला व शिशाला बाधते. शिवाय माळ्यावरची वाळवी आणि कसर पुठ्ठ्याचे खोके सोडणार नाहीत. पावसाळ्यात पापड आणि सोलां ज्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत आपण ठेवतो, तसे नवे, वास नसलेले डबे आणावेत. प्रत्येकात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, म्हणजे ते कधी तापवून पुन्हा कोरडे करायचे हे डोळ्यांना दिसते. वाहने धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळावीत, वर्तमानपत्रात नव्हे. फुगे असलेले प्लास्टिक अंगाला चिकटून राहिले तर काही वर्षांत रंगावर गोल गोल डाग उठतात. डांबरगोळ्या टाकू नयेत, त्यांच्या वाफेने प्लास्टिकच्या काचा आणि भाग मऊ पडू शकतात. खोका उसवला असेल तर त्याला सेलोटेप लावू नये. तो तसाच चपटा करून ठेवावा.

व्यापाऱ्याने देऊ केलेली रक्कम कमी आहे की जास्त, हे मी छायाचित्रांवरून सांगणार नाही. चाळीसपैकी बहुतेक वाहने, विशेषतः खोका नसलेली आणि चाके झिजलेली, फार मोलाची नसतील आणि एकूण बेरीज त्याच्या आकड्याजवळही येऊ शकेल. माझा आक्षेप ‘सरसकट’ या शब्दाला आहे. अशा व्यवहारात तीसेक सामान्य वाहनांची किंमत मिळते आणि दोन-तीन उत्तम वाहने, चिठ्ठीच्या खोक्यांसह, फुकट जातात. ती ओळखता येतात म्हणूनच घेणारा सरसकट भाव बोलतो. आधी वहीत प्रत्येक वाहनाची नोंद करावी : तळावरचा मजकूर, खोक्यावरचा क्रमांक, लांबी, रंग, काय तुटले आहे आणि चिठ्ठी आहे की नाही. वरून, बाजूने आणि उलटे, अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर इंग्लंडच्या व्हेक्टिससारख्या, खेळण्यांचेच लिलाव करणाऱ्या संस्थांच्या जुन्या लिलावांतील प्रत्यक्ष विक्रीच्या किमती पाहाव्यात. विकणाऱ्याने मागितलेल्या किमतीवर जाऊ नये, कारण मागायला पैसे पडत नाहीत. परदेशी पाठवायचे ठरले तर पुरातन वस्तूंचा कायदा आडवा येईल अशी धास्तीही नको. १९७२ च्या त्या कायद्यात अशा वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट आहे आणि ही वाहने तेवढी जुनी नाहीत.

मात्र विकण्याआधी ती कोणाची, हे ठरले पाहिजे. पेटी आपल्याला सापडली म्हणून ती आपली होत नाही. काका निपुत्रिक असल्यामुळे त्यांच्या वस्तूंवर भावंडांचा आणि भावंडांच्या मुलाबाळांचा हक्क पोहोचतो. गोव्यात वारसाच्या वाटणीसाठी इन्व्हेंतारची जी पद्धत आहे, आणि जी आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आली आहे, तिच्या यादीत जमीन-घराबरोबर जंगम वस्तूही येतात. काकांचे इन्व्हेंतार झालेले आहे का आणि त्यात ही पेटी होती का, हे वकिलाला विचारून घ्यावे. चाळीस खेळण्यांसाठी कोणी न्यायालयात जाऊ नये हे खरे, पण सह्या केलेला एक कागद तरी असावा.

माझी सूचना अशी की चवथीला सगळे भाऊ-बहिणी मूळ घरी येतील तेव्हा ही वाहने ओसरीवर मांडावीत आणि घरच्या घरी पावणी, म्हणजे लिलाव, करावी. इन्व्हेंतारमध्येही वारसांनी आपसांत बोली लावण्याची सोय आहे, त्यामुळे ही रीत घरात कोणाला परकी वाटणार नाही. ज्याला जे वाहन हवे त्याने त्याची बोली करावी आणि जमलेली रक्कम सगळ्यांत वाटावी. चिठ्ठीच्या खोक्यांचा संच मात्र फोडू नये. तो एकाच घरी राहावा आणि शक्य असेल तर आपल्या मुलाकडे राहावा, कारण विकायला नकार देणारा तोच एक आहे. त्याच्या वाट्याचे पैसे आपण भरावेत आणि नोंदींची वही त्याच्याच हाताने लिहून घ्यावी.

तोपर्यंत एक काम राहते. चुलतभावाने खरवडलेल्या दोन चिठ्ठ्यांचे कपटे केरात गेले नसतील, तर ते शोधून, न चिकटवता, कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून त्या त्या खोक्यात ठेवावेत, आणि पाकिटावर कोणता कपटा कोणत्या खोक्याचा ते पेन्सिलीने लिहावे.